पांढऱ्या पट्टीची नोट

"नाकाला लावून काय दाखवतो? मी काय तपकीर वढते का? चारदा सांगितलं, खोटी हाय."

"खोटी न्हाई, आई. चुकलेली हाय!" प्रशांतने पाचशेची नोट आईच्या तोंडासमोरून तसूभरही हलवली नाही. "छापताना मशीन चुकलं. बघ, हितं नंबर न्हाई, हितं बी न्हाई. अशी नोट लाखात एखादी निघती."

"मशीन न्हाई चुकलं. तू चुकला. आठ हजाराला चुकला." मनकर्णाने तव्यावरची भाकरी उलटली आणि नोटेकडे पाठ फिरवली.

मोरीवर भांडी घासणाऱ्या अश्विनीच्या हातातलं पातेलं थांबलं. ती ओल्या हातांनीच दारात येऊन उभी राहिली.

"आठ हजार?" तिने नवऱ्याला विचारलं. "मला तुम्ही अठराशे सांगितले होते."

प्रशांतने आईकडे असं पाहिलं, की जणू नोट तिनेच विकली होती. ओसरीवर खाटेवर पडलेला सहादू, म्हणजे मनकर्णाचा नवरा, एवढा वेळ डोळे मिटून होता. तो डोळे न उघडताच म्हणाला, "आता दोन खोट्या झाल्या. एक नोट, एक किंमत."

"आण्णा, तुमी झोपा."

"झोपू देतंय कोन?"

अश्विनी हात पुसत आत आली. आठ हजार म्हणजे फ्रिजच्या पहिल्या हप्त्याला ठेवलेले पैसे, हे तिने कुणाला सांगायची गरज नव्हती. घरातला प्रत्येक जण गेले चार महिने त्या फ्रिजची जागा मोकळी ठेवून कोपऱ्यातून वळसा घालत होता. प्रशांतने ते पैसे रविवारी पांढरीपुलावर भेळ खाता खाता एका माणसाला दिले होते. तो माणूस नगरचा होता, म्हणजे तसं त्याने सांगितलं होतं. बिननंबरची नोट दिल्लीत तीन लाखाला जाते, पण आपल्याला आईच्या ऑपरेशनची घाई आहे, म्हणून आठला देतो, असं तो डोळे पुसत म्हणाला होता. भेळेचे पैसेही प्रशांतनेच दिले होते.

या घरात खोटी नोट येणं म्हणजे पोहायला शिकवणाऱ्याचं पोर हौदात बुडण्यासारखं होतं. कारण घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात नोट खरी की खोटी, याचा निकाल गेली एकोणीस वर्षं मनकर्णाच देत होती.

तिची बाजाराच्या कडेला, लिंबाखाली, चहाची टपरी. दर शुक्रवारी तिथे म्हशी, गाई, बैल, शेळ्या आणि त्यांच्याहून दुप्पट माणसं. व्यवहार रोखीचा. भाव तर कुणी तोंडाने बोलतच नाही. घेणारा आणि देणारा रुमालाखाली हात घालतात, बोटं दाबतात, माना हलवतात, रागावतात, हसतात, आणि रुमाल निघतो तेव्हा म्हैस विकली गेलेली असते. मग नोटा निघतात. त्यातली एखादी नोट हाताला वेगळी लागली, की ती लिंबाखाली येते.

मनकर्णाही तोंडाने बोलायची नाही. चुलीवर आधण ठेवलेलं असायचं. ती नोट घ्यायची, कडेच्या तिरप्या रेघांवर अंगठा फिरवायची, उन्हाकडे धरायची, तिरकी करून हिरवी तार निळी होते का बघायची. तेवढ्यात चहाला उकळी यायची. नोट खरी असेल, तर ज्याची नोट, त्याच्यापुढे भरलेला ग्लास. खोटी असेल, तर त्याच्यापुढे रिकामा ग्लास उपडा. बास. आरडाओरडा नाही, पोलीस नाही. उपडा ग्लास बघितला की माणूस नोट उचलायचा, खाली मान घालायचा आणि दुसरी काढायचा. या कामाचे ती पैसे घेत नसे. फक्त निकालानंतर दोन्ही बाजूंनी चहा प्यायचा, तोही रोख.

ही विद्या तिला कुणी शिकवलेली नव्हती. तिची स्वतःची शेळी विकली, तेव्हा शंभराची एक नोट खोटी निघाली होती. बँकेतल्या माणसाने ती सगळ्यांसमोर ताणून धरली आणि विचारलं, "बाई, कुठं छापता?" मनकर्णा घरी येऊन रडली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा बँकेत गेली आणि भिंतीवरच्या नोटेच्या चित्रासमोर पाऊण तास उभी राहिली. पुणतांब्याला सातवीपर्यंत शिकलेली बाई ती. एकेक ओळ तिने बोट लावून वाचली. दाराशी बसलेला बंदूकवाला दोनदा उठून तिच्यामागे येऊन उभा राहिला. तिसऱ्यांदा त्याने विचारलं, "मावशी, कोनाची वाट बघताय?"

"तुझी न्हाई," ती म्हणाली आणि पुढची ओळ वाचू लागली.

नंतर जुन्या पाचशेच्या नोटा बंद झाल्या, तेव्हा सगळा गाव रांगेत होता आणि मनकर्णा एकटीच टपरीवर डोक्याला हात लावून बसली होती. लोकांच्या नोटा गेल्या होत्या, तिची अख्खी विद्या गेली होती. मग नव्या नोटा आल्या आणि तिने पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली. आकड्यांच्या मधे चांदणी असलेली नोट आली, तेव्हा बाजार म्हणाला, ही खोटीच. मनकर्णाने मात्र त्या शुक्रवारी निकाल दिला नाही. सोमवारी बँकेत जाऊन विचारून आली. छापताना नोट खराब झाली, की तिच्या बदली चांदणीची घालतात, हे तिने पुढच्या बाजारी सगळ्यांना सांगितलं. तेव्हापासून तिच्या अंगठ्यावर लोकांचा बँकेपेक्षा जास्त भरवसा बसला. बँक दीडला जेवायला उठते, मनकर्णा उठत नाही, हेही एक कारण होतं.

आणि अशा बाईच्या पोराने बिननंबरची नोट आठ हजाराला आणली होती.

"तुला खरं आन् खोटं कळतं, मान्य हाय," प्रशांत आता जमिनीवर मांडी घालून बसला. हा मुद्दा तो पांढरीपुलापासून घोळत आला होता. "पन खरी असून चुकलेली, हे तिसरंच असतं. ते तुला ठावं न्हाई. तुला जरा येगळं दिसलं की तू ग्लास उपडा करती. थांब, तुला दाखवतो."

त्याने मोबाईल काढला. पडद्यावर लाल शर्टातला एक माणूस ओरडत होता, की तुमच्या कपाटात लाखो रुपये पडून आहेत.

"बंद कर ते. माझ्या कपाटात काय हाय मला ठावं हाय."

"बघ तरी. ही बघ, कोपरा दुमडून छापलेली. ही, एकावर दुसरीच शाई उमटलेली. आन् ही बघ, छापताना कागदाला घडी पडली. घडी उलगडली की मधी कोरी पट्टी."

मनकर्णा बघणार नव्हती. पण भाकरी थापताना डोळे मिटता येत नाहीत. तिने बघितलं. पडद्यावर एक नोट होती आणि तिच्या मधून, वरपासून खालपर्यंत, एक पांढरी पट्टी गेली होती.

हातातली भाकरी परातीतच राहिली. तव्यावरची करपायला लागली.

"पुन्हा दाव," ती म्हणाली.

प्रशांतला वाटलं, जिंकलो. त्याने उत्साहाने व्हिडिओ मागे घेतला. अश्विनीने पुढे होऊन तवा उतरवला, कारण सासू नाकाशी धूर आला तरी हलत नव्हती. सहादूने एक डोळा उघडला. बायको वाद अर्धा सोडून गप्प बसली, असं लग्नापासून त्याने पाहिलेलं नव्हतं.

मनकर्णाला आठवला होता कल्याण.

कल्याण तिसगावचा. गाई-म्हशींचा व्यापारी, चाळिशीचा, बोलायला गोड, व्यवहाराला बरा. तिला मावशी म्हणायचा. मागच्याच्या मागच्या शुक्रवारी त्याने पुंजाराम नावाच्या म्हाताऱ्याची गाभण गाय ठरवली. रुमाल निघाला, दावं हातात आलं, आणि कल्याणने दिलेल्या नोटांमधली एक नोट म्हाताऱ्याने वेगळी काढून लिंबाखाली आणली. गांधीबाबांच्या कानाजवळून गालावरून खाली पांढरी पट्टी. म्हातारा सगळ्यांना दाखवत आला होता, त्यामुळे मागे पन्नास माणसं.

मनकर्णाने अंगठा फिरवला. रेघा लागल्या. तार फिरली. अंगठा म्हणाला, खरी. डोळा म्हणाला, असं कुठं असतं का? आधण वर आलं. मागून कुणीतरी म्हणालं, "मावशी, आज येळ लागतोय." आणि मनकर्णाने ग्लास उपडा केला.

कल्याण म्हणाला, "मावशी, ही मला काल सोसायटीतून मिळालीय. नीट बघा." आजपर्यंत तिला नीट बघा असं कुणी म्हटलं नव्हतं. ती राग आल्यासारखी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. म्हाताऱ्याने गाईचं दावं परत ओढून घेतलं. लोक म्हणायला लागले, याच्या बाकीच्या नोटा तरी कशावरून बऱ्या? कल्याणने ती नोट टपरीच्या फळीवर फेकली. "ठेवा तुमालाच," एवढं म्हणून तो गेला. मागच्या शुक्रवारी तो आला होता. संध्याकाळपर्यंत उभा होता. एकाही माणसाने त्याच्या रुमालाखाली हात घातला नाही.

हे प्रशांतलाही माहीत होतं, कारण कल्याण जनावरं न्यायला त्याचाच टेम्पो लावायचा आणि मागच्या शुक्रवारी टेम्पो तिसगावला रिकामा गेला होता.

मनकर्णा हात न धुताच उठली. मांडणीवरच्या चहाच्या डब्यात, पुडीच्या मागे, तिने ती नोट ठेवली होती. कुणी टाकून गेलेली खोटी नोट ती चुलीत घालायची. ही का घातली नाही, हे तिने पंधरा दिवस स्वतःला विचारलं नव्हतं.

"ही कोनाची?" प्रशांतने विचारलं, आणि नोट दिसताच तो गुडघ्यांवर उठला. त्याने मोबाईलकडे बघितलं, नोटेकडे बघितलं, पुन्हा मोबाईलकडे बघितलं. "आई! ही तर... ही तीच की गं!"

"हात लावू नको. पीठ लागंल."

"तुझ्याच हाताला पीठ हाय!"

तेव्हा कुठे तिने हात धुतले. मग ती खिडकीखाली बसली, जिथून दुपारचं ऊन सरळ फरशीवर येतं. तिने अश्विनीला कालचं वर्तमानपत्र आणायला सांगितलं. त्याला मधोमध एक बारीक, चिमटीएवढी घडी घातली, घडी आडवी दाबली, हळदीत बोट बुडवून तिच्यावरून एक रेघ ओढली आणि कागद उलगडला. हळदीची रेघ मधेच तुटली होती. जिथे घडी होती, तिथे कोरी जागा. पुन्हा घडी घातली, रेघ जुळली.

"रांगोळीच्या छाप्याला असंच होतं," अश्विनी म्हणाली. "खालचा कागद चुरगळला, की फुलाचे दोन तुकडे होतात."

"व्हय. पन फूल कमी होत न्हाई. तुटतं, कमी होत न्हाई." मनकर्णाने कल्याणची नोट उचलली. पांढऱ्या पट्टीच्या दोन्ही कडा चिमटीत धरून तिने हळूच घडी घातली. कागदाने ती घडी अशी घेतली, जसं झोपेतलं माणूस आपल्या कुशीवर वळतं. गांधीबाबांचा अर्धा गाल उरलेल्या गालाला जाऊन टेकला. कान, चष्म्याची दांडी, मिशी, सगळं जुळलं. एक रेघ कमी नाही, एक जास्त नाही.

सहादू खाटेवरून उठून दारापर्यंत आला होता. यावरूनच प्रसंग केवढा आहे ते कळावं.

"दुसरी पाचशेची द्या कुनीतरी. बरी."

अश्विनीने आपल्या डब्यातली दिली, आणि ती फरशीवर ठेवली जाईपर्यंत नजर हलवली नाही. मनकर्णाने दोन्ही नोटा एकमेकींवर ठेवल्या. घडी घातलेली असताना दोन्ही सारख्या. उलगडली, तर कल्याणची नोट गव्हाच्या दाण्याएवढी बाहेर.

"घडीसकट कापली म्हनून," ती म्हणाली. "खोटी करणारा मापानं कापतो. तो कशाला एवढी जास्त ठेवील?" मग तिने अंगठा पट्टीवरून नेला. छापाचा खडबडीतपणा पट्टीपाशी थांबत होता, पट्टी ओलांडली की पुन्हा लागत होता. पट्टीचा कागद गुळगुळीत, नवाकोरा. कुणी खरवडलेला नाही, कुणी धुतलेला नाही. तिथे शाई कधी पोचलीच नव्हती.

"खरी हाय," ती म्हणाली. इतक्या हळू, की प्रशांतला पुन्हा विचारावं लागलं.

"काय?"

"खरी हाय म्हनलं! बहिरा झाला का?"

"मंग माझी बी खरी असंल!" प्रशांतने आपली बिननंबरची नोट पुढे केली.

मनकर्णाने ती हातात घेतली नाही. त्यालाच सांगितलं, "खिडकीत जा. नोट डोळ्याच्या रेषेत आडवी धर, ऊन कडेनं येऊ दे. जिथं नंबर नव्हता म्हनतोस, तिथं बघ."

प्रशांत एक डोळा मिटून बघू लागला. बराच वेळ बघितलं. मग एकदम ओरडला, "हितं आठ दिसतोय! दाबल्यावानी! त्याच्या शेजारी दोन... न्हाई, तीन!" शोध लावल्याच्या आनंदात त्याने तिसरा आकडाही वाचला. चौथ्यावर त्याचा आवाज बसला.

"नंबर दाबून छापतात," मनकर्णा म्हणाली. "शाई औषधानं निघती. दाब निघत न्हाई. अंगठा फिरव तिथं. आंब्याच्या कोयीसारखं बारीक केसाळ लागतंय का? तिथं खरडलंय. मशीन नंबर टाकायचं इसरलं असतं, तर हितं सपाट असतं."

"म्हणजे ही खरी नोट होती?" अश्विनीने विचारलं. "आणि खरवडून खोटी केली?"

"व्हय."

"म्हणजे पाचशेची होती, ती आठ हजाराला घेतली, आणि आता पाचशेलाही जाणार नाही."

प्रशांतने नोट खिशात ठेवली, काढली, पुन्हा ठेवली. अश्विनी फ्रिजच्या मोकळ्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली आणि तिथूनच त्याच्याकडे बघत राहिली. ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

पण प्रशांत माणूस असा, की तो फार वेळ खाली पडून राहत नाही. पाच मिनिटांनी त्याची नजर फरशीवरच्या कल्याणच्या नोटेवर गेली.

"आई, पन ही तर खरी हाय."

"हाय."

"मंग झालंच की! माझी गेली तर गेली. ही इकू. तीन लाख न्हाई, एक लाख धर. आपल्या टपरीला पत्रा, अश्विनीला फ्रिज, डबल दाराचा..."

"नोट कल्यानची हाय."

"त्यानं फेकली ना! अंगावर फेकली म्हंजे तुझी झाली. आन् त्याला ठावं बी न्हाई."

"अहो," अश्विनी कोपऱ्यातून म्हणाली, "तीन लाखाला विकणारे तुम्हाला शंभर भेटतील. विकत घेणारा एक दाखवा. त्या लाल शर्टवाल्याला फोन लावा, तो आधी तुमच्याकडूनच नोंदणीचे पैसे मागेल."

"तू गप. तुला धंद्यातलं काय कळतं?"

"मला काही कळत नाही म्हणूनच माझ्याकडे अजून पाचशे आहेत," असं म्हणून तिने फरशीवरची आपली नोट उचलून डब्यात ठेवली.

सहादू आत येऊन भिंतीला टेकून बसला. तो बाजारात हमाली करून आयुष्य काढलेला माणूस, जनावरांच्या आणि माणसांच्या गर्दीतून वाट काढायची त्याला सवय. तो बायकोकडे बघत म्हणाला, "पैशाचं सोड. पोरगं काय बी बोलतं. मी दुसरं सांगतो. ही नोट चुलीत घाल."

"आण्णा!" प्रशांत किंचाळला.

"तू गप रे. मनकर्णे, ऐक. तू शुक्रवारी जाऊन चुकले म्हनलं, तर कल्यानचा ग्लास सुलटा होईल. पन एकोणीस वर्सांत ज्यांचे ज्यांचे उपडे केलेस, ते समदे दुसऱ्या दिवशी दारात येतील. आमची बी खरी हुती म्हनतील. राम्या न्हाई का, रंगीत झेरॉक्स घेऊन आल्ता, त्यो बी येईल. मंग तुज्या अंगठ्याला कोन इचारतंय? चहा तरी कोन पिईल?"

हे बोलणं मनकर्णाला लागलं, कारण ते खरं होतं. टपरीचा चहा काही फार चांगला नव्हता. पाणी जास्त असायचं, हे तिलाही माहीत होतं. लोक चहासाठी येत नव्हते. शुक्रवारी लिंबाखाली ती बसली, की मोठमोठे व्यापारी टोपी काढून समोर उभे राहायचे. घरात पंचवीस वर्षं ती सांगत होती, की सहादूने चपला उंबऱ्याबाहेर काढाव्यात. ते काही झालं नव्हतं. पण बाजारात तिने एक ग्लास उलटा ठेवला, की लाखाचा सौदा थांबत होता.

ती मनातल्या मनात एकेक उपडा ग्लास आठवू लागली. झेरॉक्सवाला. एकाच नंबरच्या चार नोटा आणलेला. तार म्हणून चकाकणारी पन्नी चिकटवलेला. त्या सगळ्यांच्या वेळी अंगठा आणि डोळा एकच बोलले होते. तिला शंका नव्हती. पंधरा दिवसांपूर्वीचा एकच ग्लास असा होता, की अंगठा एक म्हणत होता आणि तिने दुसरंच केलं. तेही नोटेमुळे नाही. मागून कुणीतरी म्हणालं, वेळ लागतोय, म्हणून.

"त्याला वाटंल, मावशीनं जानूनबुजून केलं," ती म्हणाली.

"कल्यानला? त्याचं काय, त्यो दुसरा धंदा बघंल," प्रशांत म्हणाला. "टेम्पोत मला म्हनतच हुता, जनावरं सोडून कोंबड्यांचं बघतो म्हनून."

"आजून काय म्हनत हुता?"

प्रशांत गडबडला. हे सांगायचं नव्हतं, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. "काय न्हाई. रिकाम्या टेम्पोचं भाडं द्यायला लागला. म्या नको म्हनलं. तर म्हनाला, घे बाबा. नोटा दोनदा बघून घे. न्हाईतर म्हनशील, कल्याननं खोटी दिली."

"तू बघितल्या का?"

प्रशांतने मोबाईल खिशात घातला.

"बघितल्या का दोनदा?"

"बघितल्या," तो पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाला. "तुझंच ऐकून बघितल्या ना."

अश्विनीने रिकामा जळणारा गॅस बंद केला. करपलेल्या भाकरीचा वास अजून होता.

मनकर्णाने परात जवळ ओढली. अर्धी थापलेली भाकरी मोडली, पुन्हा गोळा केला, पुन्हा थापायला घेतली. तिचे हात नेहमीसारखे चालत होते, म्हणून प्रशांतला वाटलं, विषय संपला. त्याने हळूच नोटेकडे हात नेला.

"ठेव ती," ती म्हणाली.

"नुसती बघतोय."

"बघून झालंय. आता ऐका समद्यांनी. दुसऱ्यांदा सांगनार न्हाई." तिने वर न बघता भाकरी तव्यावर टाकली. अश्विनीने पुन्हा गॅस लावला. "उद्या सकाळी सातला म्या आन् प्रशांत टेम्पोनं मिरीच्या रस्त्यानं तिसगावला जातोय. नोट कल्यानच्या हातात देनार, त्याची काय किंमत येती ती त्याची त्यानं बघावी. परवा त्याला संगं घेऊन बाजारात जानार, आन् चूल पेटवायच्या आधी म्या समद्यांम्होरं तोंडानं सांगनार, म्या चुकले. मंग ज्याला चहा प्यायचा त्यानं प्यावा. प्रशांत, डिझेल तुझं. अश्विनी, सकाळी दोघांचा डबा बांध, आमी त्यांच्या घरी जेवनार न्हाई."